आठ दिवसांचा ड्रायव्हर

सोलापुरात सर्व्हिस मोटारी नुकत्या कुठे दिसू लागल्या होत्या, त्या वर्षातली ही गोष्ट. सात रस्त्याला टांग्यांचा अड्डा होता आणि त्या अड्ड्यावर धोंडीराम नावाचा टांगेवाला होता. चाळिशीला टेकलेला, अंगानं वाळका, बोलायला कमी. त्याची चंद्री नावाची घोडी शिमग्याच्या आधी चार दिवस मेली. सकाळी दाणा खाल्ला आणि दुपारी पाय पसरले. अड्ड्यावरची माणसं त्याला धीर द्यायला घरी आली. धोंडीराम खाली मान घालून बसला होता, पण रडला नाही. उलट बरेच दिवस डोक्यावर असलेलं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसा तो दिसत होता. त्याच्या बायकोनं, बजाबाईनं, ते पाहिलं आणि तिला नवल वाटलं. घोडीवर त्याचा जीव होता, हे तिला ठाऊक होतं.

चंद्रीला एकच खोड होती. अक्कलकोटच्या रस्त्यानं नऊ मैल गेलं की मळेवाडी नावाच्या लहानशा गावाची शीव लागायची आणि शिवेच्या अलीकडे कोरड्या ओढ्यावर एक दगडी मोरी होती. गावाकडं जाताना त्या मोरीजवळ चंद्री थांबायची. चाबूक मारा, चुचकारा, शिव्या द्या, ती पाय उचलायची नाही. मग धोंडीराम खाली उतरायचा, फेट्याचा शेमला तिच्या डोळ्यांवर टाकायचा आणि लगाम धरून तिला मोरीपलीकडे चालवत न्यायचा. उतारूंनी विचारलं तर म्हणायचा, "घोडीला दिसतंय कायतरी." जनावराला माणसापेक्षा जास्त दिसतं हे सगळेच मानतात. त्यामुळे पुढं कोणी विचारत नसे. असं अकरा वर्षं चाललं होतं.

शिमगा झाला आणि गुरुसिद्धप्पानं त्याला बोलावणं पाठवलं. गुरुसिद्धप्पाची शेंगांची अडत होती. त्यानं पुण्याहून एक जुनी फोर्ड लॉरी आणली होती, तिला दोन्ही बाजूंनी बाकं ठोकली होती, मागं चढायला पायरी आणि वर उघडझाप करणारी फळी बसवली होती. पाडव्यापासून सोलापूर ते अक्कलकोट उतारू न्यायचे, असा त्याचा बेत होता.

"एनप्पा धोंडीराम," तो म्हणाला, "पुण्याचे ड्रायव्हर हितं टिकत न्हाईत. ऊन लागलं की पळत्यात. तुला रस्ता ठावं, माणसं ठावं. मोटार शीक."

"मी? आता या वयात?"

"वय मोटारीला इचारायचं असतंय का? येत्या सोमवारी साहेब लायसनची परीक्षा घेनार. पुना सा म्हैने येनार न्हाई. आठ दिवस हायत. पास झालास तर जागा तुजी. न्हाई तर हुबळीचा मानूस येतोय."

धोंडीराम जरा वेळ लॉरीकडं बघत राहिला. तिच्या तोंडाशी पितळेचे दोन दिवे होते. दिवेच ते, डोळे नव्हेत. मोटारीला डोळे नसतात, हे त्याच्या मनात आलं आणि तो हो म्हणाला.

शिकवायला इमामसाब होता. मोठ्या लढाईत त्यानं बसऱ्याकडं लष्कराच्या लॉऱ्या चालवल्या होत्या. परत आल्यापासून तो स्टेशनाजवळ एका खोलीत एकटा राहायचा, मोटारी दुरुस्त करायचा. "आठ दिवस में ड्रायव्हर" हे त्याचं ब्रीद. पण पहिले दोन दिवस त्यानं लॉरीला हातसुद्धा लावू दिला नाही. धोंडीरामच्याच अंगणात त्यानं तीन विटा मांडल्या, समोर एक पाट ठेवला आणि बजाबाईची परात मागून घेतली.

"बैठो मियाँ. ये परात चक्कर, स्टेरिंग. बायाँ ईंट दाबे तो गाडी चली. बिचला दाबे तो पीछे. दाहिना दाबे तो थमी. अब चलाव."

चाळीस वर्षांचा बाप्या हातात परात धरून विटांवर पाय हापटतोय, हे बघायला गल्ली गोळा झाली. बजाबाईनं कपाळाला हात लावला.

"इमामसाब, भाकरी कशात मळू?"

"दो दिन बाजार का खाव, भाबी."

"आन् ह्यो कुटं चाललाय परातीत बसून?"

"अक्कलकोट," गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "धोंडीबा, माजं एक तिकीट ठिव की!"

धोंडीराम हसला नाही. डोळे मिटून तो पाय टाकत होता. डावी, उजवी. डावी, उजवी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याच्या पायांना विटा पाठ झाल्या.

तिसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या माळावर लॉरी आली. हँडल मारताना झटका बसला की मनगट कसं मोडतं, ते इमामसाबनं आपलं वाकडं मनगट दाखवून शिकवलं. लॉरी चालली, आणि समोर उकिरडा आला तेव्हा धोंडीराम विटा विसरला. त्यानं चक्कर दोन्ही हातांनी छातीकडं ओढलं, मागं रेलला आणि घसा फोडून ओरडला, "हौ! हौऽऽ!" लॉरी सरळ उकिरड्यात शिरली.

इमामसाब शेणातून खाली उतरला. "मियाँ, इसकू लगाम नै. हौ बोले तो इसकू सुनने नै आता. थमाना है तो तुमच थमाव."

"चुकलं."

"हर टांगेवाला यैच करता. चलो, फिर से."

चौथ्या दिवशी इमामसाबनं लॉरीच्या अगदी मागच्या टोकाला शेंगांची पाच पोती टाकली आणि चक्कर धरायला लावलं. चक्कर हातात एकदम हलकं झालं, कापसासारखं.

"पीछे वजन, आगे हल्का. समझे?"

धोंडीरामला लगेच कळलं. "उतारू मागं सरकलं की टांगा उलाळ हुतो. दांड्या वर उचलत्यात. तसंच की."

"तसंच," इमामसाब म्हणाला. "हाथ कू पैले समझता. पीछे देखने की गरज नै."

पाचव्या दिवशी इमामसाब म्हणाला, आता रस्ता. परीक्षेत साहेब अक्कलकोटच्या रस्त्यानं नेतो, दहाव्या मैलाच्या दगडापर्यंत जाऊन परत यायचं असतं, तेव्हा त्याच रस्त्यानं जाऊ. भर दुपारची वेळ होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पांढरी धूळ, दोन्ही बाजूंना कापणी झालेली रानं, आणि उन्हात थरथरणारी हवा. लॉरी रिकामी होती. पोती काढून टाकली होती. गावाबाहेरचा नाका मागं पडला आणि धोंडीरामच्या हातातलं चक्कर हलकं झालं.

त्यानं इमामसाबकडं बघितलं. इमामसाब समोर बघत होता.

मोरी दिसली. धोंडीराम मनाशी म्हणाला, आता चंद्री न्हाई. आता काय न्हाई. आणि मोरीच्या पहिल्या दगडाशी लॉरी थांबली. इंजिन धक्का देऊन बंद पडलं. अशी शांतता झाली की तापलेल्या पत्र्याची टिकटिक ऐकू येत होती.

"कायकू रोके?"

"मी न्हाई थांबवली."

इमामसाबनं बोट खाली दाखवलं. धोंडीरामचा उजवा पाय ब्रेकवर होता, अंगठ्यापर्यंत दाबलेला. तो पाय त्यानं दोन्ही हातांनी धरून उचलला तेव्हा कुठे वर आला.

सहाव्या दिवशी तेच झालं. नाक्यापाशी चक्कर हलकं, मोरीपाशी पाय खाली. त्या रात्री धोंडीराम जेवला नाही. अकरा वर्षं तो घोडीच्या डोळ्यांवर शेमला टाकत आला होता. आता त्याला पहिल्यांदा वाटलं की घोडीला कधीच काही दिसलं नसावं. लगाम तर त्याच्याच हातात होता.

सातव्या दिवशी निघताना इमामसाबनं ब्रेकच्या खाली लाकडाचा एक ठोकळा बसवला. पाय पडला तरी ब्रेक दबायचा नाही.

"कल परीक्षा है," तो म्हणाला. "साहेब के बोले बगैर गाडी थमी तो नापास. पिछले बखत दो जनों कू ऐसेच भगाया. आज पार होना."

मोरी आली. धोंडीरामचा पाय ठोकळ्यावर आदळला आणि तिथंच राहिला. लॉरी मोरीवरून गेली. धडधड आवाज झाला, आणि त्या आवाजात मागच्या बाकावर कुणीतरी उघड्या तळव्यानं थापट्या मारल्या. एक. दोन. जरा थांबून, तीन. तीही अगदी हळू, हातात जोर उरला नसल्यासारखी.

इमामसाबनं मान वळवली नाही. "पीछे नक्को देखो," एवढंच तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

दहाव्या मैलाच्या दगडाशी त्यानं हातानं लॉरी बंद केली. दोघं मागं गेले. बाकावर कोपऱ्यात ओल होती. एक माणूस अंग आवळून बसावं एवढीच, घामाची असावी तशी. फाल्गुनातल्या उन्हात ती त्यांच्या डोळ्यांदेखत कडेनं वाळत आत आत गेली आणि नाहीशी झाली.

"बोलो," इमामसाब म्हणाला.

धोंडीराम दगडावर बसला आणि जे त्यानं बजाबाईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं ते त्यानं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी मानमोडीच्या तापाची साथ आली ते वर्ष. घरटी माणसं मरत होती. गिरणीजवळच्या एका घरातल्या म्हाताऱ्यानं त्याचा टांगा थांबवला आणि तापानं फणफणलेली सून त्यात आणून बसवली. मथुरा तिचं नाव. घरात उठून पाणी द्यायला कोणी उरलं नव्हतं. "मळेवाडीला हिच्या आयकडं पोचीव," म्हातारा म्हणाला. ती वाकळ गुंडाळून कोपऱ्यात बसली. नऊ मैल काही बोलली नाही. मोरीपाशी बोलली. "दादा, थांबीव रं. मला उतरायचंय."

"मला वाटलं, तापात बरळतीया," धोंडीराम म्हणाला. "आन् उतरली तर पुना वर कोन चढवनार? मलाच हात लावावा लागला असता. घरात माजं तीन म्हैन्यांचं लेकरू हुतं. मी चाबूक मारला. ती आनकी दोनदा म्हनली. मग म्हनली न्हाई. दारात टांगा नेला तवा बसल्या बसल्याच गेली हुती. डोळं उघडं. तिची आय धावत आली, म्हनली, वाटंत काय बोलली का रं माजी? मी म्हनलो, न्हाई. झोपली हुती."

इमामसाब आपलं वाकडं मनगट चोळू लागला. दूर रानात एक टिटवी ओरडत फिरत होती.

"बसरे के रस्ते पे," शेवटी तो म्हणाला, "एक आदमी हाथ दिखाया. जखमी था. हुकूम था रुकना नै. मैं रुक्या नै." तो हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "लायसन है मेरे पास, मियाँ. अव्वल नंबर का. और बारा साल से जो बी गाडी पकडता हूँ, चक्कर हल्काच रैता."

"मग मी उद्या काय करू?"

"ठोकळा रखता हूँ. तुम पार हो जाते. पास हो जाते." त्यानं हात झटकले. "निकालना है तो तुमच निकालो. मैं नै बोलता."

सोमवारी साहेब आला. तांबडा, उंच, हातात साखळीचं घड्याळ. बरोबर एक फौजदार, दुभाष्याचं काम करायला. पोलिसांच्या मैदानावर धोंडीरामनं दगडांमधून लॉरी फिरवली, उलटी नेली, चढावर थांबवून मागं न घरंगळता पुढं काढली. गुरुसिद्धप्पा कुंपणाशी उभा राहून पोटावरून हात फिरवत होता. साहेब काही म्हणाला. फौजदारानं सांगितलं, "आता रस्ता. दहाव्या मैलापर्यंत. सांगितल्याशिवाय थांबायचं नाही."

इंजिनात पाणी ओतायच्या निमित्तानं इमामसाबनं ब्रेकखाली ठोकळा बसवला. साहेब पुढं बसला. फौजदार मागच्या बाकावर, अगदी मधोमध, पाय फाकून बसला. निघण्याआधी हँडल मारायच्या निमित्तानं धोंडीराम खाली उतरला, वाकला आणि ब्रेकखालचा ठोकळा काढून त्यानं कुंपणाकडं टाकला. इमामसाबनं तो पायानं बाजूला सारला.

नाका मागं पडला. चक्कर हलकं झालं. पुढं टांगलेल्या आरशात धोंडीरामला फौजदार दिसत होता. तो कोपऱ्याकडं एकदा बघून सरकला. मग आणखी सरकला. बाकाच्या पार कडेला जाऊन त्यानं दोन्ही हात मांडीवर घेतले आणि तोंड बाहेर वळवलं.

मोरी दिसू लागली. धोंडीरामचा पाय अजून त्याचाच होता. त्याला गुरुसिद्धप्पा आठवला, पाडवा आठवला, रिकामा तबेला आठवला. साहेबाचं घड्याळ त्याच्या कानाशी वाजत होतं. पाय आपोआप खाली जाईल म्हणून त्यानं वाट पाहिली. तो गेला नाही. मग त्यानं स्वतःच उजवा हात बाहेर काढून खूण केली, इमामसाबनं शिकवलं तसं डावं पेडल अर्धं दाबलं आणि सावकाश ब्रेक लावला. लॉरी मोरीच्या अलीकडे एकही धक्का न देता थांबली.

साहेब काही बोलायच्या आत तो उतरला, मागं गेला, फळी उघडली. आत फौजदाराखेरीज कोणी नव्हतं. धोंडीरामनं हात पुढं केला.

"उतर, बाई," तो म्हणाला.

बराच वेळ काही झालं नाही. मग त्याच्या तळव्यात ऊब आली. तापलेल्या माणसाच्या हाताची, कोरडी, भाजणारी. बोटं आवळली गेली. पायरी करकरली आणि लॉरीचं मागचं अंग बोटभर वर उठलं. धुळीत मात्र कशाचीच खूण उमटली नाही. मळेवाडीच्या बाजूनं गरम वाऱ्याची एक झुळूक आली आणि गेली.

तो परत जागेवर येऊन बसला तेव्हा साहेब लाल झाला होता. फौजदारानं भाषांतर केलं, "साहेब विचारतात, का थांबवली?"

"बाई उतरायची हुती."

फौजदारानं हे साहेबाला लगेच सांगितलं नाही. त्यानं रुमालानं तोंड पुसलं. मग इंग्रजीत चार-पाच शब्द बोलला. काय बोलला ते धोंडीरामला कळलं नाही. साहेबानं घड्याळ मिटलं आणि कागदावर आडवी रेघ मारली.

परत येताना चक्कर जडशीळ होतं, चांगलं, हाताला दाब देणारं. फौजदार पुन्हा बाकाच्या मधोमध बसला होता.

गुरुसिद्धप्पानं दोन्ही हात आभाळाकडं केले. "अय्यो शिवने! मोरीवर थांबला! तितं काय तुजं लगीन हुतं काय? सगळं येतंय, आन् मोरीवर थांबला!" त्याच दिवशी हुबळीला तार गेली. पाडव्याला लॉरी निघाली ती दुसऱ्याच माणसाच्या हाती. धोंडीरामला लायसन मिळालं ते पुढच्या खेपेला, दिवाळीच्या सुमारास. मग त्यानं माढ्याकडच्या रस्त्यावर सोळा वर्षं मोटार चालवली आणि लोक त्याला चांगला ड्रायव्हर म्हणत. पण तोपर्यंतचे सहा महिने त्यानं हमाली केली आणि बजाबाईनं त्याला बोलायचं तेवढं बोलून घेतलं.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तो मळेवाडीला पायी निघाला. उन्हं वर आली तेव्हा पोचला. मथुराच्या आईचं, सोजरबाईचं, घर त्याला आठवत होतं. म्हातारी ओट्यावर निवडण घेऊन बसली होती. पार वाकली होती, पण नजर शाबूत होती. तिनं त्याला ओळखलं.

"टांगेवाला नव्हं तू?"

"व्हय. मावशी, मी तवा खोटं बोललो. ती बोलली हुती. मोरीपाशी म्हनली, मला उतरायचंय. मी उतरू दिली न्हाई."

सोजरबाईनं सूप खाली ठेवलं. तिला राग आलेला दिसला नाही. न समजणाऱ्या पोराकडं बघावं तसं तिनं त्याच्याकडं बघितलं.

"तर रं. उतरनारच की. आमच्या गावच्या लेकी म्हायेरला येताना गाडीत बसून शीव वलांडत न्हाईत. आदी उतरायचं, शिवंवरच्या देवाला पाया पडायचं, मग चालत घरी. मरन आलं तरी चुकवत न्हाईत. तू शेरगावचा. तुला कुटलं ठावं?"

धोंडीरामनं फेटा काढून हातात घेतला. अकरा वर्षं त्याला वाटत होतं की ती बरळत होती.

"म्हनूनशान तिला येता येत नव्हतं," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा सूप उचललं. "काल दुपारी आली. पाय धुळीनं भरलेलं. तांब्याभर पानी पिली. म्हनली, आये, लई दमले."

घराचं दार अर्धं लोटलेलं होतं. आत अंधार होता आणि त्या अंधारात जमिनीवर कुणाचीतरी वाकळ पसरलेली दिसत होती, मध्ये उंच झालेली.

"मावशी," धोंडीरामचा आवाज चढला, "मी तुमच्या पाया पडतो, मला..."

"हळू बोल, बाबा," सोजरबाई म्हणाली. "आत्ता कुटं डोळा लागलाय तिचा."

धोंडीराम ओट्याखाली धुळीत बसला. त्यापुढं त्याला जे काही सांगायचं होतं ते त्यानं अगदी हळू आवाजात सांगितलं.